टांगत्या खुर्चीची स्प्रिंग, झोपाळ्याच्या कड्या आणि नांगराचा दोर: ताण मोजायचा कसा

गुहागरपासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्यावरच्या होमस्टेच्या पडवीत हल्ली वेताची टांगती खुर्ची हमखास दिसते. वर तुळईला आकडा, आकड्यात स्प्रिंग, स्प्रिंगला खुर्ची. स्प्रिंग ठीक आहे का हे बघायची बहुतेकांची रीत एकच: स्वतः बसायचं, दोन-तीन हिसके द्यायचे, तुटली नाही म्हणजे चांगली. त्यातून कळतं ते एवढंच, की ती आज तुटली नाही.

स्प्रिंग असो, नायलॉनचा दोर असो की सुंभ, भार घातल्यावर किती लांबलं हे अर्धंच माप. भार काढल्यावर किती परत आलं हे उरलेलं अर्धं, आणि ते सहसा कोणी घेत नाही. खालची पद्धत दोन्ही मापं घेते. एका दुपारचं काम आहे, आणि खर्च जवळजवळ नाही.

मांडणी

वजन म्हणून पाणी वापरा. जांभ्याचे चिरे हाताशी असतात, पण ते या कामाला वाईट: चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो, त्यामुळे पावसाळ्यातला आणि मे महिन्यातला तोच चिरा सारख्या वजनाचा नसतो. विहिरीचं पाणी लिटरला एक किलो धरायला हरकत नाही. समुद्राचं पाणी मात्र लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं, म्हणजे २० लिटरच्या कॅनमागे अर्धा किलो जास्त. होडीजवळ चाचणी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा.

२० लिटरचे तीन कॅन, ते मावतील अशी एक फळी, फळी टांगायला दोर, स्टीलची पट्टी किंवा टेप, लिटरच्या खुणांची बादली, पाणी काढायला प्लॅस्टिकची नळी आणि थोडं नेलपेंट, एवढं पुरतं. तारेची जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर लागेल; गावातल्या वर्कशॉपमध्ये किंवा हार्डवेअरवाल्याकडे तो मागता येतो.

स्प्रिंग आकड्याला लावा. खाली फळी अशी टांगा की भार आल्यावरही ती जमिनीपासून वीतभर वर राहील, त्याहून उंच नको. खाली जुना टायर टाका. स्प्रिंग तुटलीच तर ६० किलो वीतभर पडतील, पायावर नाही. फळीखाली हात-पाय घालू नका, आणि माप घेताना डोळा स्प्रिंगच्या बाजूने असू द्या, थेट खालून वर बघू नका.

आता नेलपेंटचे दोन ठिपके: एक पहिल्या वेढ्यावर, एक शेवटच्या. सगळी मापं या दोन ठिपक्यांमधली. जमिनीपासून फळीपर्यंत मोजलं की त्यात दोराचा ताण, गाठ आवळल्याने आलेली लांबी आणि तुळईचा वाक असं सगळं मिसळतं आणि स्प्रिंग आहे त्यापेक्षा मऊ भासते. घरगुती चाचणीत सर्वांत जास्त होणारी चूक हीच. दुसरी चूक डोळ्याची: पट्टी वाचताना डोळा ठिपक्याच्याच पातळीला हवा, नाहीतर दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात.

भार चढवणं आणि उतरवणं

फळी, दोर आणि रिकामे कॅन यांचं वजन आधी करून घ्या. ते ५ किलो भरलं, तर पहिल्या टप्प्यात ५ लिटर पाणी ओतून १० किलो पुरे करा. पुढे दर खेपेला १० लिटर, तिन्ही कॅनमध्ये वाटून, म्हणजे फळी कलणार नाही. असं ६० किलोपर्यंत जा. प्रत्येक टप्प्यावर हेलकावा थांबू द्या, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग माप लिहा.

उतरवताना कॅन उचलून घेऊ नका. नळी लावून पाणी खाली बादलीत ओढून काढा. हिसका बसत नाही आणि टप्पेही बरोबर साधतात. उतरताना त्याच सहा टप्प्यांवर मापं घ्या. शेवटी फळीसकट सगळं काढून स्प्रिंग मोकळी टांगलेली असताना एक माप लगेच, आणि एक दहा मिनिटांनी.

६ मिमी जाड तार, वेढ्याचा सरासरी व्यास ४० मिमी (बाहेरून मोजलं तर ४६) आणि २० वेढे, अशी पोलादी स्प्रिंग घेतली तर हिशेबाने वाढ साधारण अशी यायला हवी:

१० किलोला २ मिमी
२० किलोला १२ मिमी
३० किलोला २१.५ मिमी
४० किलोला ३१.५ मिमी
५० किलोला ४१ मिमी
६० किलोला ५१ मिमी

पहिल्या १० किलोंना फक्त २ मिमी आणि पुढच्या प्रत्येक दहाला जवळपास १०, हे बघून पट्टी चुकली असं वाटेल. चुकलेली नाही. वेढ्याला वेढा चिकटलेली स्प्रिंग बनवतानाच तारेला थोडा पीळ देऊन वळलेली असते, त्यामुळे वेढे एकमेकांना दाबून धरतात. तो दाब मोडेपर्यंत स्प्रिंग हलत नाही. वरच्या उदाहरणात तो ८ किलोंचा धरला आहे. म्हणून शेवटच्या आकड्याला एकूण वजनाने भागू नका. ५१ भागिले ६० केलं तर किलोला ०.८५ मिमी येतं, आणि ते चूक आहे. दोन टप्प्यांमधला फरक घ्या: २० ते ६० किलो, म्हणजे ४० किलोंना ३९ मिमी, म्हणजे किलोला ०.९७५ मिमी. एक किलोचं वजन म्हणजे ९.८१ न्यूटन, त्यामुळे ही स्प्रिंग मिलिमीटरला साधारण १० न्यूटनची झाली. हा आकडा म्हणजे तिचा कडकपणा.

भाराच्या प्रमाणात ताण वाढतो हा नियम रॉबर्ट हूकचा. त्याने तो १६७६ मध्ये अक्षरं उलटसुलट करून, कोड्याच्या रूपात छापला आणि उत्तर १६७८ मध्ये दिलं: जसा ताण, तसं बळ. तोपर्यंत शोध आपल्या नावावर राहावा, पण कोणाला कळू नये, असा दुहेरी बंदोबस्त.

मोजलेला कडकपणा हिशेबाशी ताडून बघता येतो. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला पोलादाच्या दृढता गुणांकाने (धातू पिळायला किती अवघड हे सांगणारा आकडा), म्हणजे ७९,००० ने गुणा (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर). मग सरासरी व्यासाचा घन, वेढ्यांची संख्या आणि ८ यांच्या गुणाकाराने भागा. वरच्या स्प्रिंगला १० येतं. मोजलेला आकडा हिशेबापेक्षा पाच टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. टोकाचे अर्धवट वेढे मोजण्यातच तेवढा गोंधळ होतो. दहा-वीस टक्के कमी आला तर तार कुठेतरी बारीक झाली आहे, किंवा ती साध्या पोलादाची नाहीच, स्टेनलेसची आहे. स्टेनलेसचा गुणांक ६९,००० च्या आसपास असल्याने त्याच मापाची स्प्रिंग सुमारे एक-अष्टमांश मऊ निघते. तो दोष नव्हे.

परत आलेलं माप काय सांगतं

उतरतानाची मापं चढतानाच्या मापांशी एखाद्या मिलिमीटरच्या आत जुळायला हवीत. तेवढा फरक पट्टी वाचण्यातच येतो. मोकळ्या स्प्रिंगची लांबी सुरुवातीइतकीच हवी. दहा मिनिटांनीही ती ३-४ मिमी जास्तच राहिली असेल तर तार तिच्या मर्यादेच्या पलीकडे ताणली गेली आहे. पोलादाच्या कणांच्या थरांनी आपली जागा सोडली की भार काढून ते मागे येत नाहीत.

इतकं सगळं मोजायचं नसेल तर एक झटपट खूण आहे. स्प्रिंग काढून टेबलावर आडवी ठेवा आणि वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी वेढ्यांमध्ये सरकवून बघा. घट्ट वेढ्यांच्या चांगल्या स्प्रिंगमध्ये कागद शिरत नाही. मधल्या सात-आठ वेढ्यांत तो आरपार जात असेल आणि टोकांकडे जात नसेल, तर तीच जागा ताणली गेली आहे. अशी स्प्रिंग ठोकून, शेगडीवर तापवून किंवा वेल्डिंगवाल्याकडून पुन्हा दाबून बसवू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तापवलेल्या स्प्रिंगचं उलटं, आकार राहतो आणि जोर जातो. खराब वेढे कापून उरलेली वापरायचा मोहही होतो. पण वेढे निम्मे केले की कडकपणा दुप्पट होतो, खुर्ची लाकडासारखी ताठ होते, आणि नवा आकडा वळताना तार तिथेच तडकते.

खारी हवा

किनाऱ्यावर स्प्रिंग मरते ती भाराने कमी आणि गंजाने जास्त. कारण त्या चौथ्या घातात आहे. ६ मिमी तार गंजून ५.६ मिमी झाली, म्हणजे ०.४ मिमी गेलं, तर कडकपणा २४ टक्के घटतो आणि त्याच भाराखाली तारेतला ताण, म्हणजे लांबणं नव्हे तर धातूवर येणारा जोर, २३ टक्के वाढतो. वर बघून "जरासा तांबेरा आलाय" एवढंच वाटतं.

शिवाय गंज नको तिथे बसतो. वेढ्याच्या आतल्या अंगाला ताण सर्वांत जास्त असतो, आणि तिथेच हात पोचत नाही, कपडा पोचत नाही, मिठाचं पाणी सुकत नाही. बोटाने आतून चाचपून बघा, टॉर्च मारा. खड्डे लागले तर जाडी मोजायचीही गरज नाही, स्प्रिंग बदला. एकेका खड्ड्यापासून चीर सुरू होते. दुसरी जागा म्हणजे वेढे संपून आकडा सुरू होतो ते वळण. ताणाच्या स्प्रिंगा बहुधा तिथेच तुटतात.

गंज काढायला संडासाचं ॲसिड लावायची सवय सोडा. कडक पोलाद ॲसिडमध्ये हायड्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. स्प्रिंग चकचकीत दिसते आणि काही दिवसांनी, कधी कधी कोणी बसलेलं नसतानाही, काचेसारखी तुटते. तारेचा ब्रश, गोडं पाणी, उन्हात वाळवणं, मग वेढे थोडे उघडून आत ग्रीस, एवढं करा. चतुर्थीच्या आणि मेच्या गर्दीआधी एकेकदा. ३०४ दर्जाच्या स्टेनलेसवरही समुद्राकाठी तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ जास्त टिकतं आणि महागही असतं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर ते पैसे वाया जात नाहीत.

धपकन बसणारा पाहुणा

६० किलोच्या चाचणीतून कडकपणा कळतो, सुरक्षितता नाही. ७५ किलोचा माणूस हळू बसला तर स्प्रिंगवर ७५ किलो येतात. तोच माणूस उंचावरून न पडता, नुसता अंग सोडून एकदम बसला, तर पहिल्या झोक्याला भार दुपटीपर्यंत जातो, म्हणजे १५० किलोंचा. थोड्या उंचीवरून पडला तर त्याहून जास्त. वरची ६ मिमीची स्प्रिंग म्हणूनच मोठ्या माणसाच्या खुर्चीला अपुरी आहे. तीच ७ मिमी तारेची घेतली तर कडकपणा १.८५ पट होतो आणि तारेतला ताण ६३ टक्क्यांवर येतो.

पण खरा उपाय जाडी नव्हे. स्प्रिंगच्या पोटातून एक साखळी ओवा, दोन्ही टोकं वरच्या-खालच्या आकड्यांना वेगळ्या शॅकलने (बोल्ट लावून बंद होणारी यू आकाराची कडी) अडकवा, आणि नेहमीच्या भाराला ती थोडी सैल राहील एवढीच लांब ठेवा. स्प्रिंग तुटली तर माणूस दोन-चार बोटं खाली येईल, जमिनीवर नाही. साखळी असेल तर स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणलीही जात नाही. नवीन घेत असाल तर दाबाची स्प्रिंग मागा: दोन यू आकाराच्या सळ्या एकमेकींत उलट्या घातलेल्या असतात आणि ओढलं की स्प्रिंग ताणण्याऐवजी दाबली जाते. ती तुटली तरी तुकडे सळ्यांमध्येच अडकतात आणि खुर्ची लटकलेलीच राहते. लहान मुलं बसणार असतील तर या दाबाच्या स्प्रिंगशिवाय दुसरा प्रकार घेऊच नये.

पट्टी न लावता दर महिन्याला तपासायचं असेल तर घड्याळ पुरतं. ६० किलो टांगून फळी बोटभर खाली दाबा आणि सोडा. वर-खाली २० झोके मोजा. मिलिमीटरला १० न्यूटनच्या स्प्रिंगला सुमारे ९.७ सेकंद लागतील. तीच गंजून ७.६ वर आली असेल तर ११ सेकंदांच्या वर. पहिल्या दिवशीचा आकडा तुळईवर पेन्सिलने लिहून ठेवा.

झोपाळा खाली का आला

ओटीवरचा झोपाळा वर्षानुवर्षं बोटभर बोटभर खाली येतो, आणि घरातले म्हणतात, "कड्या ताणल्या." हिशेब करून बघू. १० मिमी जाडीच्या, २ मीटर लांबीच्या चार लोखंडी सळ्या, वर २०० किलो माणसं, म्हणजे सळीमागे ५० किलो. सळीची वाढ येते ०.०६ मिलिमीटर, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि उठल्यावर तीही पूर्ण परत जाते. अशी एक सळी कायमची लांब व्हायला साधारण दोन टन ओढ लागेल.

मग बोटभर कुठून आलं? दोन ठिकाणांहून. पहिलं, जिथे कडी कडीत फिरते तिथली झीज. पाच सांध्यांवर तीन-तीन मिलिमीटर झिजले की दीड सेंटिमीटर झाला. कडी बाजूला सारून घासणारी जागा कॅलिपरने मोजा. मूळ जाडीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त गेली असेल तर ती कडी बदला, आणि एक बदलली की तिची जोडीदारही बदला, नाहीतर झोपाळा तिरका होतो.

दुसरं, तुळई. लाकूड पोलादासारखं नाही. कायमच्या भाराखाली ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, आणि दर पावसाळ्यात दमट होऊन वाळताना आणखी थोडं. तुळईच्या दोन टोकांमध्ये गवंड्याची लाईनदोरी ताणून बांधा आणि मधोमध दोरी व लाकूड यांच्यातलं अंतर मोजा. मेअखेर एकदा, दिवाळीला एकदा. दोन्ही मापं सारखी असतील तर झोपाळा निर्धास्त वापरा. दर वर्षी वाढत असेल तर सुताराला बोलवा. कड्या आखूड करून उपयोग नाही.

दोर

दोर ही स्प्रिंगच, फक्त परत यायला आळशी. नवा तीनपेडी दोर पहिल्यांदा ताणला की पेड एकमेकांत बसतात आणि तो कायमचा थोडा लांब होतो. हा दोष नाही, पण मोजमापात तो धरायचा नाही. म्हणून नवा दोर आधी तीन-चार वेळा ताणून सोडा. मग भार नसताना तीन मीटर अंतरावर सुई-दोऱ्याचे दोन टाके घाला (पेनाची खूण ओल्यात जाते) आणि टाक्यांमधलं अंतर मोजा. ४० किलो टांगून लगेच, दहा मिनिटांनी, एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माप घ्या. भार तोच असताना अंतर वाढत जातं. भार काढल्यावर ते पुन्हा मोजा, लगेच आणि तासाभराने. नायलॉन हळूहळू परत येतं. सुंभ बराच ताण सोसतो, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, पण पूर्ण परत येत नाही.

खुर्ची किंवा झोपाळा टांगायला पॉलिस्टर दोर किंवा साखळी बरी, कारण ती कमी लांबते. पॉलिप्रॉपिलीनचा जाळ्याचा जुना दोर फुकट मिळतो म्हणून वापरू नका. तो पाण्यावर तरंगतो हा त्याचा गुण, ऊन सोसत नाही हा अवगुण. अंगठ्याने घासल्यावर पांढरी भुकटी आणि तुटके तंतू हाताला लागले तर त्याने कपडेही वाळत घालू नयेत. गाठ मारली की कोणत्याही दोराचं बळ जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. पेड विणून केलेला फासा बरंच जास्त बळ राखतो.

नांगराला मात्र ताणणारा दोरच हवा, म्हणून नायलॉन. लाट होडीला ढकलते तेव्हा ती ऊर्जा दोराला कुठेतरी मुरवावी लागते. दोर ताठ असेल तर थोड्या अंतरात मोठा हिसका बसतो आणि खुंटा उखडतो. मऊ असेल तर लांब अंतरात हिसका कमी. दोराची लांबी दुप्पट सोडली की कडकपणा निम्मा होतो आणि त्याच लाटेचा हिसका साधारण सत्तर टक्क्यांवर येतो. लांब दोराने नांगरावरची ओढ आडवी होते आणि तो रुततो, हा फायदा वेगळाच. ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमजोर असतं, तेव्हा दुकानातल्या चिठ्ठीवरचा आकडा नांगरासाठी तसाच धरू नका. दोर तुटण्याच्या आकड्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओढ रोजच्या वापरात नको.

ताणलेला नायलॉनचा दोर तुटला की दोन्ही टोकं चाबकासारखी मागे येतात, आणि ती ज्या रेषेत ताणलेली होती साधारण त्याच रेषेत, पण आजूबाजूलाही फटकारत येतात. होडी ओढताना दोराच्या सरळ मागे किंवा जवळपास कोणी उभं राहू नये, पोरं तर नाहीच.

या सगळ्या तपासण्यांना १ जून ते ३१ जुलैचा मासेमारी बंदीचा काळ सोयीचा. होडी किनाऱ्यावर असते आणि दोर सुटे असतात. टाके घातलेल्या जागेजवळ रंगीत दोऱ्याने वर्षाची खूण करा, दर वर्षी वेगळा रंग. तिसऱ्या वर्षी तीन मीटरचं अंतर तीन मीटर वीस सेंटिमीटर भरलं, तर तो दोर नांगराचा राहिला नाही. कापून बंदरात टायर बांधायला घ्या.